नव्या इस्त्रीची पूजा

अरे, मुलीकडचे मला बघायला येणार म्हणून मी कळंबहून ती पाण्याच्या टाकीची महागडी स्टीम इस्त्री आणली. आईनं लगेच तिची पूजा केली. पाहुणे दारात आले, तेव्हा मी घाईघाईनं पांढऱ्या शर्टावर इस्त्री फिरवली आणि छातीवरच पिवळा-लाल पट्टा उमटला!

"आई, हळद-कुंकू कुठं लावलंस?"

"खालनं. कामाची बाजू तीच की रे."

दुसरा धड शर्ट नव्हता. तोच घालून, हाताची घडी घालून बसलो. मुलीच्या आईनं विचारलंच, "डाग कसला?"

"इस्त्री करताना पडला," मी पुटपुटलो.

"स्वतः करता?"

"व्हय."

त्या आपल्या नवऱ्याकडं वळल्या. "अहो, डाग निघतोय धुतल्यावर. इस्त्री करणारा जावई कुठं मिळतोय?"