बोहारणीसाठी काढलेले कपडे

सहा महिन्यांत सात किलो उतरवलेली संध्या पुंडलिकनगरच्या दवाखान्यात मोठ्या ऐटीत बसली होती. शेजारच्या बाकावर नवरा-बायकोचं दबक्या आवाजात चाललं होतं.

“ही पँट आली कुठून? सगळ्या ढगळ पँटी बोहारणीला दे म्हणालो होतो ना?”

“ट्रंकेत ठेवल्या होत्या.”

“कशाला?”

“आज काय घालून आला असता? नव्या पँटींचं बटन तरी लागतंय का?”

“म्हणजे तुला माहीतच होतं, मी परत सुटणार.”

“हळू बोला.”

“मी पहाटं उठून चालायचो, भात सोडला, अन् तू पँटी जपत बसली होती.”

“पहिल्या खेपंला दिल्या की. तुमचा भाकरीचा डबा त्याच पँटींवर घेतलाय.”

“पहिल्या खेपंला?”

“अहो, ही चौथी खेप हाय तुमची.”

संध्यानं घाईघाईनं घरी फोन लावला.

“आई, ते ढगळ ड्रेस बोहारणीला दिलेस का गं?”

“देते कशाला? तू काढले त्याच दिवशी माळ्यावर ठेवले मी.”