दोन खोल्या, दुसऱ्या राज्यात

नर्सिंग कौन्सिलमध्ये, नोंदणी दुसऱ्या राज्यात बदलून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक नर्स आणि तिचे वडील उभे होते.

"त्या राज्यात पगार जास्त आहे, पण घरभाडं इथल्याच्या दीडपट आहे गं."

"तिकडे व्यवसाय कर नाही, बाबा."

"तो वाचून वाचून किती वाचणार? वीज महाग, बसचा पासही महाग."

"एवढी चौकशी कुणाकडे केलीत?"

"तुझ्या जुन्या मेट्रनबाईंना फोन केला. म्हणाल्या, एका खोलीत राहिली तर आरामात भागेल."

"मी दोन खोल्या बघितल्यात."

"एकटीला दोन कशाला?"

"एकटी कुठे? तुम्ही नाही येणार?"

रांग पुढे सरकली, तरी बाबा जागचे हलले नाहीत.

"अगं, मग तिकडे माझी पेन्शन कुठल्या बँकेत मिळेल, ते विचारायचं राहिलंच की!"