मागचं झाकण उघडण्याआधी

हॅलो?… हां ताई, बोल… अगं येतंय ऐकू, तू कशाला ओरडतेस? ट्रक गेला एक. रस्त्यावरच आहे मी अजून.

हो, घेतला. मांडीवरच आहे कॅमेरा… बसथांब्यावर, सिस्टरच्या बिल्डिंगसमोर… येईल गं बस… नाही, दोन गेल्या. गर्दी होती.

बरं, नव्हती गर्दी. मीच नाही चढलो.

काही झालं नाहीये. आवाज असाच आहे माझा.

अगं ऐक ना, कॅमेरा काय आहे माहितीये! सिस्टर तुला म्हणाल्या होत्या ना, त्यांच्या गेलेल्या भावानं, दादांनी, तीस वर्षं वापरला म्हणून? मला वाटलं, झालं, डबा असणार. लेन्समध्ये बुरशी, पात्यांना तेल, सगळं जॅम. तर कसलं काय! टॉर्च मारून बघितलं, आरपार स्वच्छ. एका स्क्रूची खाच झिजलेली नाही, ताई, एका स्क्रूची! जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो, हात दिसतो गं त्यांचा…

हो, हो, बोलू देतो तुला. एवढंच सांगतो. वर दुसरी एक लेन्स दिली त्यांनी, मी मागितलीसुद्धा नव्हती. आणि सगळं टॉवेलात असं गुंडाळून दिलं ना, बाळंतिणीच्या हातात बाळ द्यावं तसं. सवयच हाताला. प्रसूती वॉर्डातल्या सिस्टर शेवटी, तू तर बघितलंयस त्यांना, तिथंच नोकरीला होतीस…

निरोप? कुणाचा?… ते नंतर सांग, आधी ही लेन्स…

अगं रागवतेस काय! बोल. गप्प बसलो बघ.

सिस्टरचा फोन?… तुला?… कधी, मी निघाल्यावर?

हां.

हां, ऐकतोय.

परत सांग. त्या नेमकं काय म्हणाल्या ते सांग.

“रोल कॅमेऱ्यातच असेल बहुतेक, भावाला सांग, उघडू नको म्हणावं.”

…

आहे गं. आहे लाइनवर.

उघडलाय, ताई.

नाही नाही, आत्ता इथं नाही. तिथंच, वरती. त्यांच्याच टेबलावर. टेबलावर तरी कुठे, खिडकीपाशी नेला मुद्दाम, स्वच्छ दिसावं म्हणून. भर दुपारी, पडदा बाजूला सारून! खटका ओढला, झाकण उघडलं, आणि आत रोल. निम्म्याहून जास्त पुढे सरकलेला.

हसलीस?… मग तो आवाज कसला आला?… बरं, बरं. चुकलो.

उजेड लागला की संपलं गं. धुवायच्या आधी उजेड लागला की जे फोटो उघड्यावर येतात ते पांढरेफटक. पुसता येत नाही, भरून येत नाही, काही नाही. मी लगेच बंद केलं, दोन सेकंदांत. पण दोन सेकंद पुष्कळ झाले.

माहितीये मला! तू नको सांगूस. दर रविवारी मीच सांगतो ना फोटोग्राफीच्या वर्गात? जुना कॅमेरा हातात आला की आधी वरची चावी फिरवून बघायची. सैल फिरली तर रिकामा, घट्ट लागली तर आत रोल आहे, झाकणाला हात लावायचा नाही. छापून वाटतो मी ते. पहिली ओळ, लाल अक्षरात. आणि ती बँकेतली बाई आठवते तुला, मागच्या वर्षीची? तिनं हेच केलं होतं आणि मी सगळ्यांदेखत तिला असं झाडलं होतं की रडली बिचारी. पुढच्या रविवारी आलीच नाही. मी घरी येऊन तुला काय फुशारकीनं सांगितलं होतं, लोकांना यंत्राची कदर नाही म्हणून… हो, तू म्हणाली होतीस. फोन करून माफी माग म्हणाली होतीस. नाही मागितली मी.

कसं म्हणजे?… सांगू का खरं? तुला सांगायलाही लाज वाटते.

खोट शोधत होतो मी.

अगं, कॅमेरा इतका चांगला होता की खोटच सापडेना. आणि एक तरी सापडल्याशिवाय मला जाणकार कसं म्हणायचं कोणी? त्या समोर बसलेल्या, डोळे मोठे करून बघतायत, मी टॉर्च मारतोय, हुं हुं करतोय, डॉक्टर छाती तपासताना करतात तसं. मग त्या चहा टाकायला आत गेल्या. म्हटलं, मागच्या झाकणाचा उजेड अडवणारा फोम तर नक्की कुजलेला असणार, वीस वर्षांत कुजतोच. तेवढं काढून दाखवू. त्या घाईत चावीबिवी कुठली आठवते! किती फोटो काढले त्या आकड्याच्या खिडकीत चोवीस दिसत होतं, ताई. चोवीस! नजर गेली, पण डोक्यात शिरलं नाही.

आणि फोम बदललेला होता. दादांनीच. नवा, कात्रीनं बेतून कापलेला.

त्यांना नाही कळलं. त्या आतच होत्या… तेच तर सांगतोय ना, तिथंच माझं सगळं चुकलं. उघडलं ती चूक झाली, पण पुढचं मी जाणूनबुजून केलं. खालचं बटण दाबून रोल गुंडाळून घेतला, गुपचूप, चोरासारखा, आणि शर्टाच्या खिशात टाकला. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा मी लेन्स पुसत बसलेलो.

हो, खिशात आहे. आत्ताही आहे.

मला तेव्हा काय माहीत गं त्यात काय आहे ते! वाटलं, चार झाडं, दोन चिमण्या असतील. मग त्या बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या. म्हणाल्या, जाण्याआधी महिनाभर दादांनी माझा एक फोटो काढला होता, त्याचा रोल सापडत नाहीये. कपाटं झाली, खण झाले, स्टुडिओत दोनदा विचारून आल्या… तुलाही तेच सांगितलं? केसांचं सांगितलं?

सांगते कशाला, मी ऐकलंय की. न्हाऊन गॅलरीत उभ्या होत्या, केस मोकळे सोडून वाळवत. दादा म्हणाले, हलू नकोस. त्या म्हणाल्या, शी, असा काय काढतोस, केस तरी बांधू दे. तर म्हणे, एवढी वर्षं बांधलेलेच बघतोय. ताई, त्यांचे बाकीचे सगळे फोटो भिंतीवर आहेत. सगळे युनिफॉर्ममधले. टोपी, पिना, आणि हातात कुणाचं तरी मूल. एकटीचा असा एकही नाही. हसत होत्या सांगताना. वयाच्या सत्तराव्या वर्षी मोकळ्या केसांचा फोटो, म्हणाल्या, कुणाला दाखवणार नाही, पण मला बघायचाय.

आणि मी चहा पितोय. रोल खिशात. चहात साखर जास्त आहे की कमी, हेसुद्धा कळलं नाही मला.

आतले वाचतील ना, तू म्हणतेस ते बरोबर आहे. आत गुंडाळलेले दहाबारा वाचतीलही. पण शेवटचा फोटो सगळ्यात बाहेर असतो गं. उजेड पहिला त्याच्यावर पडतो. धुवून बघीन मी, आज संध्याकाळीच बघीन, पण तू आशा लावू नकोस. त्यांना तर मुळीच लावू नकोस.

लावलीस?… काय बोललीस तू त्यांना?

“माझा भाऊ आहे ना, तो काढून देईल नीट.”… अगं ताई.

आणि काय म्हणाल्या?… मोठा करून मिळेल का म्हणून विचारलं. किती मोठा?… असू दे, नको सांगू.

जाता जाता मला काय म्हणाल्या सांगू? दारात उभ्या राहून? “तुमचे हात बघितले, म्हणून देतेय. जपाल तुम्ही.” मी मान हलवली गं. हो सिस्टर म्हणालो. आणि उतरलो जिना.

काय?… ते कसं?… हं. रोल जुना होता, ठेवून ठेवून आपोआप खराब झाला. असं सांगायचं.

नाही, पटेल की. शंभर टक्के पटेल. त्यांना काय कळतंय त्यातलं. तुझ्यावर कशाला रागावू, ताई, दोन बस सोडल्या त्या हेच घोकत सोडल्या मी. वाक्यसुद्धा तयार होतं. “सिस्टर, रोल मिळाला, पण भरताना काहीतरी राहिलं असावं.”

भरताना म्हणजे कुणी भरताना? दादांनी. म्हणजे चूक त्यांची ठरवायची. ज्या माणसानं तीस वर्षांत स्क्रूची खाच झिजू दिली नाही, त्याला एक रोल धड भरता आला नाही म्हणायचं, आणि तेही त्यांच्या बहिणीला. त्या बिचाऱ्या समजून घेतील त्यांना. म्हणतील, शेवटी शेवटी हात थरथरायचा दादाचा. मनाला तेच लावून बसतील, ताई. जन्मभर.

नाही गं, प्रोफेसरपणा करत नाहीये. प्रोफेसर मेला दुपारीच, खिडकीपाशी.

उठलोय. रस्ता ओलांडतोय, थांब… हो, आत्ताच. उद्या म्हटलं ना, तर उद्या मी ते वाक्य बोलेन. मला माहितीये मी कसा आहे.

नको, तू आधी फोन नको करूस त्यांना. मीच… श्वास लागलाय फक्त. तिसरा मजला आहे.

कॅमेरा? परत देणार. घेतील न घेतील, पुढे तर करतो.

दारात आहे. बेल वाजवली. येतायत… चपलांचा आवाज येतोय. काय बोलू गं मी, सुरुवात कशी करू? ताई…

सिस्टर, मीच. नाही, काही विसरलो नाही… नको, चहा नको. हो, ताईचा निरोप मिळाला. हो… हो, कॅमेऱ्यातच होता. हा बघा.

नाही… सिस्टर, थांबा. नका ना हसू. पुढचं ऐका आधी. तुम्ही आत चहा करत होतात तेव्हा मी झाकण उघडलं. न बघता. उजेडात. तुमचा फोटो गेला, सिस्टर. दादांची काही चूक नाही. माझ्या हातून गेला, आणि तुम्ही बोलत होतात तेव्हा मी गप्प बसलो.

…

ताई, तू अजून आहेस? ठेव आता.

रोल मुठीत धरलाय त्यांनी, आणि मला बसायला खुर्ची देतायत. ठेव, ताई.