कोंबडीचं गिऱ्हाईक

नाई नाई, तिथीच बसा भाऊ, खाटेवर — आत कुठी चालले? आत कोनी ना... आत चूल हाये, धूर हाये, डोळे चुरचुरतीन तुमचे. कोंबडी घ्याले आलो म्हन्ता ना? मंग कोंबड्या अंगनात हायेत. घ्या, ही तांबडी घ्या हातात. पाहा! कोंबडीचं गिऱ्हाईक आधी पाय धरून उचलून पाह्यते, किती भरते पाह्यते — तुमी तर माह्या दाराकडंच पाहून राह्यले. पिशवी नाई, सुतळी नाई, गाडी पार तिकडं मोहाच्या झाडाखाली ठेवली — का, कोंबडी तुमच्या मांगं मांगं चालत येनार हाये अहेरीपर्यंत?

माहा जावई कुठी हाये म्हन्ता? आली गोष्ट! कोंबडी गेली उडत. कोनं पाठवलं तुमाले, गुनवंतराव पाटलानं? मले मालूम हाये. पेरनीच्या आधी घरोघरचं मूठ मूठ धान देवाफुडं ठेवतेत, कोंबडं कापतेत, त्या रगतात बी कालवून सगळ्यायले वाटतेत — मीनं बी जिंदगीभर देल्लं, खोटं काऊन बोलू? यंदा जावयानं नाई देल्लं. "मामी," म्हने, "मी येशूच्या नावानं पेरीन. गावाच्या बांधावर सगळ्यायसंग राबीन, पन त्या पूजेत माही मूठ नाई." बस, एवढंच बोलला बिचारा! आता म्हनतेत, याच्या घरची मूठ नसली तर गावाचंच बी उगवनार नाई. आज बैठकीत उभं करतेत त्याले — देवाफुडं हात जोड, नाईतर बायको-लेकरू घेऊन गाव सोड. अन तुमाले आजच कोंबडी पाह्यजे!

काल पाटलीनबाई आली, लय गोड बोलली — "गुनाबाई, तूच दे त्याच्या नावानं मूठभर धान, त्याले कायले सांगतेस?" मी म्हनलं, बाई, देवाले फसवाचंच हाये तर देव कायले पाह्यजे — तुमचा बी अन माहा येशू बी? गेली उठून. मंग रातभर माहा जीव थाऱ्यावर नाई. आमी जाऊ कुठी हो? इथीच जल्मली मी, इथीच नवरा मातीत देल्ला.

अन ही माही दीपिका — पोटची पोरगी, त्याची बायको — सकाळपासून मांगं लागली. "आई, कोनी आलं तर सांग, सिरोंच्याले गेला कामाले. एका खोट्यानं का मरतेस?" घोकलं ना मीनं, झाडू मारता मारता घोकलं — सिरोंच्याले गेला, सिरोंच्याले गेला. आता तुमी पुसून राह्यले अन जीभच उचलत नाई. मूठभर धानाचं खोटं नाई केलं, मंग हे काऊन करू...

थांबा. का सांगतलं मीनं आता तुमाले?

अवं माय! बोलता बोलता सगळंच बोलली मी. हसू नका. अन उठू नका, सांगून ठेवते — उठलेच? बरं. मंग ऐका. हाये तो घरात. चुलीपाशी बसला हाये, लेकरू मांडीवर घेऊन. पुसलं तुमी, सांगतलं मी. जाऊन सांगा पाटलाले, गुनाबाई खोटं नाई बोलली.

पन दारात मी बसली हाये. अन मी इथून उठत नाई.

कोंबडी घ्याची असन तर घ्या. नाईतर गाडी तिकडं हाये, मोहाखाली.