दाजी, मी आणि वाकडी झाकणं

...आणि माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच, तेवढं सांभाळून घ्या, पण तुम्हीच सांगा, पत्र्याचं झाकण ही काय माणसाच्या कपाळावर मारायची वस्तू आहे? आणि मारणारा कोण, तर सख्ख्या बहिणीचा नवरा! ज्यांच्या घरात मी राहतो, ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवतो, ते आमचे दाजी.

तुम्हाला सांगतो, सगळं त्या साहेबांमुळे झालं. आमचा कारखाना डब्यांच्या झाकणांचा. पत्रा प्रेसखाली सारायचा, प्रेस धाडकन खाली येते, झाकण पडतं. पत्रा जरा तिरका गेला की कड फाटते आणि ते झाकण भंगाराच्या पिंपात. पिंपं भरायला लागली तसे साहेब पेटले. प्रेस एकच, सकाळपाळीला मी, दुपारपाळीला दाजी, दोघंही रोजंदारीवर, भंगाराचं पिंप मात्र ज्याचं त्याचं. साहेब म्हणाले, "ज्याचं पिंप रिकामं, तो कायम. दुसऱ्याने घर गाठायचं. माल वाया जाता कामा नये."

झालं, मी जीव मुठीत धरून पत्रा सरळ सारायला लागलो. मान खाली, नजर कडेवर, शिंक आली तरी गिळायची. पिंपाचा तळ दिसायला लागला बघा... आणि एक दिवस सकाळी येऊन बघतो तर माझं पिंप काठोकाठ! झाकणं सगळी डाव्या कडेला फाटलेली. आता डावीकडे तिरकं कोणाचं जातं? दाजी चालतातसुद्धा डावीकडे झुकून, त्यांचा पत्रा कुठला सरळ जायला?

पाळी बदलताना दाजी आले. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते हो, म्हणून बोललो काहीच नाही, पिंपच उचललं आणि त्यांच्या पायांवर ओतलं. ते आधी पायांकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, "काय मेव्हणे, घरचं भांडण इथे?" म्हटलं, "नाही दाजी, तुमचा माल तुम्हाला."

सूं करत एक झाकण आलं आणि माझी भुवई उघडली. रक्त डोळ्यांत, समोरचं सगळं लाल, त्यातच मी त्यांचा गळा धरला, त्यांनी माझा कान दातांत धरला, आणि मोठ्यांना अरे-तुरे करायची सवय नाही ना, म्हणून गळा आवळतानाही मी म्हणतोय, "दाजी, आधी तुम्ही सोडा," आणि ते दातांतून म्हणतायत, "आही हू होड!"

मग काय, सकाळपाळी माझ्या बाजूने, दुपारपाळी त्यांच्या. पाने, पट्ट्या, बादल्या, हाताला लागेल ते. वेल्डरचा दात गेला, पॅकिंगवाल्याचं नाक फुटलं, आणि फोरमन मध्ये नाचतोय, सोडवत नाहीये हं कोणाला, ओरडतोय काय तर, "मारा एकमेकांना, पण भंगारातली झाकणं घ्या रे, चांगली नको! माल वाया जाता कामा नये!"

तेवढ्यात मी दाजींना ढकललं. ते गेले अर्थातच डावीकडे, आणि डावीकडे तयार मालाची थप्पी, पार छतापर्यंत, आणि थप्पीच्या पलीकडून साहेब येत होते... थप्पी साहेबांवर, आम्ही थप्पीवर, आमच्यावर दोन्ही पाळ्या. खालून साहेबांचा बारीक आवाज आला, "फोरमन, माझ्यावर पडलंय ते चांगलं की भंगार?"

फोरमन म्हणाला, "साहेब, मघापर्यंत चांगलं होतं."

घरी ताईने दार उघडलं, दोघांची तोंडं पाहिली आणि दोघांच्या कानाखाली एकेक वाजवली, मला नेमकी चावलेल्या कानाखाली. म्हणाली, "एकाला काढलं असतं तर दुसऱ्याने पोसलं असतं. चूल एकच आहे ना रे आपली?" मग जुनी चादर फाडून दोघांना पट्ट्या बांधल्या. दाजी भिंतीकडे बघत होते, मी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकत्रच गेलो, काढलंच असणार असं धरून. साहेब हात गळ्यात बांधून उभे, पुढ्यात चेपलेल्या झाकणांचा डोंगर. म्हणाले, "दोघंही कायम. हा ढीग सरळ होईपर्यंत इथून हलायचं नाही. एकाने धरायचं, एकाने ठोकायचं. माल वाया जाता कामा नये."

मी खाली बसलो, झाकण धरलं. हातोडा दाजींकडे. मध्ये बोट आलं तर काय, असं मी भीत भीत फोरमनला विचारलं.

तर म्हणाला, ते मालात धरत नाहीत.