एकोडीतलं ओलावा मोजायचं यंत्र

तुम्ही हसाल, पण मला अजून त्याचं हसू येत नाही. जमिनीतला ओलावा मोजायचं माझं काम. एकोडीला पार्बतामावशीच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आम्ही एक यंत्र गाडलं. निघताना मी सहज म्हणालो, "मावशी, याले जपजा बरं."

पुढे पावसानं दडी मारली. कॉम्प्युटरवरचं आमचं मॉडेल म्हणे, एकोडीची माती पार वाळली. मावशीच्या बांधीतलं यंत्र मात्र भरपूर ओल दाखवे. यंत्राचं खरं धरलं असतं, तर गावात दुष्काळ नाही असंच वर सरकारला कळवलं गेलं असतं आणि गावाची मदत बुडाली असती.

मी बघायला गेलो. बांधीला भेगा पडलेल्या आणि यंत्राभोवती तेवढा चिखल! माझं डोकंच फिरलं. गावातल्या माणसांसमोर ओरडलो, "कोन पानी टाकून राहिलं इथं? यंत्राचा सत्यानाश करता काय?"

मावशीच पुढे आली. "मी टाकतो बापा, रोज बोरिंगवरून आनून. तूच म्हनला होता ना, जपजा म्हनून."

सगळे माझ्याकडे पाहत होते. ते आकडे पुढे आम्ही बाद केले, गावाचं नुकसान टळलं. पण तेव्हा माझी मान वर होईना. कसंबसं विचारलं, "मंग तुमच्या धानाले काहून नाही टाकलं?"

"धान माजा हाय, गेला तं गेला. हे तुजं हाय. दुसऱ्याची चीज आपल्या बांधीत कशी सुकू द्याची?"