नकाशातलं घर

—तर काय सांगत होतो, दुकानात अशी ओळीने आपोआप केर काढणारी यंत्रं मांडलेली, आणि तो विक्रेता मला विचारतोय, घरात कुत्रं-मांजर आहे का, गालिचे आहेत का, केर किती निघतो. म्हटलं, केराचं राहू द्या हो, मी ऑफिसात असताना याचा नकाशा माझ्या मोबाइलवर दिसेल का, तेवढं सांगा. बघतच राहिला. स्वस्तातली असतात ना, ती नुसती धडका खात फिरतात, त्यांना घर कळत नाही. याला कळतं. भिंत कुठे, कपाट कुठे, जिन्याच्या काठाशी नेलं तरी थांबेल, पडायचं नाही. — तुम्ही करा ना तुमचं दुरुस्तीचं काम, मी आपला बोलतोय. हिच्याशी बोलून बोलून किती बोलणार? ती म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. चहा टाकतेय आत. घेणार ना?

हे बघा, मोबाइलवर. ही आपण बसलोय ती आतली खोली, हा पॅसेज, हे स्वयंपाकघर, ही बाहेरची खोली. आणि हे बारीक ठिपके म्हणजे खुर्चीचे पाय — सांगितलं तर गंमत वाटेल तुम्हाला. ही खुर्ची जेवणाच्या टेबलाची, पण रोज दुपारी नकाशात ठिपके खिडकीपाशी. मी ऑफिसात बसून बघतोय, खुर्ची खिडकीपाशी गेली कशी? घरी येऊन विचारलं, तर म्हणते, तिथे उजेड असतो. उजेड. घरात दिवे नाहीत का? मग खिडकीला खिळा मारून घेतला — वाऱ्याने आपटायची हो ती, दुसरं काही नाही. आता ठिपके टेबलापाशीच असतात. काळजी असते माणसाला. तिला एकटीला काही झालं तर कळायला नको? फोन होता तिच्याकडे, पण बहिणीशी बोलत बसायची आणि मग संध्याकाळभर डोळे लाल. म्हणून तो माझ्याकडेच ठेवतो. बहीणही यायची आधी. मी काही बोललो नाही तिला, उगाच खोटं कशाला बोलू, फक्त एकदा दारातूनच परत पाठवली. — मान वळवून काय बघताय? पॅसेजमध्ये काही नाहीये.

काय अडकलंय, केस ना? तिचेच असणार, सांगून थकलो, केस बांधत जा. दोरा? दाखवा. हा निळा तर माझ्या शर्टाला बटणं लावायचा. — गाठ मारलेली? अहो, दोऱ्याला काय, डब्यात पडल्या पडल्या गाठी बसतात. मागे चाकात अडकला होता, तो मीच काढला कात्रीने. या वेळी ब्रशच्या पार आत गेला, माझ्याच्याने निघेना, तेव्हा हीच म्हणाली, कोणीतरी माणूस बोलवा. खरं सांगू, मलाच बरं वाटलं. आपणहून एवढं वाक्य बोलली. म्हटलं, चला, घरात लक्ष घालायला लागली. नाहीतर आपल्याकडे मी कोणाला बोलवत नाही. कामवाली काढली, दूधवाला बंद केला — माणसं येतात आणि काहीबाही डोक्यात भरवून जातात. यंत्र बरं. आपलं काम करतं, गप जाऊन जागेवर बसतं.

झालं? सोडा मग, फिरू द्या. वा. आवाज कसा एकसारखा आला बघा. आता नकाशात हा हिरवा ठिपका दिसतोय ना, तेच ते. आणि या लाल रेघा मी मारल्यात, त्यांच्या पुढे जायचं नाही. पडद्यांपाशी एक, कपाटापाशी एक. बाहेरच्या दाराशी नाही मारली. गरजच नाही, दार कायम बंद, यंत्राच्या लेखी ती भिंतच. आतूनसुद्धा किल्ली लागते असं कुलूप बसवलंय, किल्ली एकच, ती माझ्या खिशात. — तुम्ही मघापासून तोच स्क्रू फिरवताय. घट्ट झाला असेल की. ते चार्जिंगचं ठाणं चांगलं चालतंय, त्याला काही झालेलं नाही.

हे बघा, गेलं स्वयंपाकघरात. आता ओट्यापाशी तिच्या पायांचे ठिपके उमटतील. दोन असतात, जवळजवळ. येतील. ओट्याला चिकटून उभी असेल. — वास येतोय का तुम्हाला? चहा उतू गेला वाटतं. अगं, गॅस बघ. अगं. ऐकू येत नाही तिला या आवाजात. लक्ष नसतं हो कशात.

गेलं बाहेरच्या खोलीत. खुर्ची टेबलापाशीच आहे, बघा, चारही पाय. आता ते भिंतीकडेने दारापर्यंत जाईल, आणि वळेल. — वळलं नाही. थांबा हं. हे काय, घर वाढलं कसं? इथे तर भिंत आहे. दार आहे म्हणजे, बंद दार. हा पुढे नवीन तुकडा कसला काढतंय ते? मघाशी तुम्ही आलात, मी दार उघडलं, तुमची ही जड पेटी घ्यायला हात पुढे केला, आणि किल्ली...

खिशात नाही. कुलपालाच राहिली.

थांबलं बघा यंत्र. जिन्याच्या काठाशी आलं की थांबतं. ते पुढे जात नाही. — अगं, कुठे आहेस तू? — आणि तुम्ही कशाला उठलात? पेटी आवरायची आहे तुमची अजून. खोलीच्या दारातून बाजूला व्हा. मला जाऊ द्या. अहो, माझं घर आहे हे, बाजूला व्हा.

बाजूला व्हा म्हणतोय ना.